होल्मरॉयडला किती माणसं आली

होल्मरॉयड, यॉर्कशायर
१४ सप्टेंबर

तेरेपाई,

हे पत्र वाइनेच्या पत्त्यावर टाकते आहे, कारण तुझा पत्ता माझ्याकडे कधीच नव्हता. तुझी बहीण अजून त्याच घरात असेल असं धरून चालले आहे. पत्र हातात पडलं तर घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. म्हणजे माझी आई गेली, पण त्याला बरीच वर्षं झाली, आणि तिच्यासाठी तू डोळ्यांतून पाणी काढशील अशी माझी अपेक्षा नाही. तू आमच्या मोरीत कच्चा मासा लिंबाच्या रसात भिजत ठेवायचास ते ती शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत होती.

बातमी आपल्या मानूची आहे. तू गेलास तेव्हा चार वर्षांचा होता, आता अठ्ठावीस पूर्ण केली. नळदुरुस्तीची कामं करतो आणि रविवारी आपल्या क्लबाकडून खेळतो, तू खेळायचास त्याच जागेवर. गाव त्याला मॅनी म्हणतं. मी मानूच म्हणते.

परवा तो कामावरून आला, हातांना ग्रीस तसंच, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "आई, मला कुक आयलंड्सनी घेतलंय."

"कशात घेतलंय?"

"वर्ल्ड कपात. त्यांच्या मॅनेजरचा फोन होता. म्हणाले, बाप आयतुताकी बेटावरचा असेल तर पोरगा आमचाच."

मी म्हटलं, "आधी हात धू." तो माझ्याकडे पाठ करून कितीतरी वेळ हात धूत राहिला. पाठ केली म्हणजे मला कळत नाही असं त्याला लहानपणापासून वाटतं.

आणखी ऐक. त्यांचा लेबनॉनशी सामना आहे, तो आपल्या गावात ठेवलाय. वर्ल्ड कपचा सामना, होल्मरॉयडात. असले सामने मोठ्या शहरात घेतले की मैदानं अर्धी रिकामी राहतात आणि टीव्हीवर ते वाईट दिसतं. म्हणून या खेपेस लहान देशांचे सामने लहान गावांत घ्यायचे ठरलंय, जिथे तेरा जणांची रग्बी सोडून लोकांना दुसरा खेळ ठाऊक नाही. सिरिल ऑक्सलीने स्पर्धा भरवणाऱ्या वरच्या लोकांना शब्द दिलाय की मैदान भरून दाखवतो. सिरिल आठवतो ना? तुला पहिल्या दिवशी स्टेशनवरून हीटर नसलेल्या व्हॅनमधून घेऊन आला आणि वाटभर 'हा आमचा उन्हाळा' म्हणून सांगत राहिला, तो. क्लबाचा सेक्रेटरी अजून तोच आहे आणि मैदानावरचा माइकही त्याच्याच हातात आहे.

मानूने मला तुला लिहायला सांगितलेलं नाही. तो तुझं नाव काढत नाही आणि मीही काढत नाही, आमचं तसंच चालत आलंय. पण काल जेवताना म्हणाला, "खेळाडूच्या घरच्यांना दोन तिकिटं मिळतात." घरात माणसं दोन, त्यातला एक खेळणार. मी त्याला अजून एक बटाटा वाढला.

सामना अठ्ठावीस ऑक्टोबरला, शनिवारी आहे. आलास तर माझ्याकडेच उतरायला हवं असं नाही. माझ्या मैत्रिणीकडे, ग्लेनिसकडे खोली रिकामी असते.

नोरीन


होल्मरॉयड
८ ऑक्टोबर

तेरेपाई,

उत्तर आलं नाही. टपालाला तिकडे पोचायला किती दिवस लागतात ते मला माहीत आहे, म्हणून हे रागाने लिहीत नाही. लिहायचं कारण, मानूने क्लबात सगळ्यांना सांगून टाकलंय की माझे बाबा येणार आहेत. मला ते ग्लेनिसकडून कळलं. ग्लेनिस म्हणजे मैदानावरच्या चहाच्या टपरीत माझ्याबरोबर असते ती, तू गेल्यानंतर गावात आली. ती म्हणाली, "अगं, मला सांगितलं नाहीस ते? मी खोलीला रंग दिला असता."

मी म्हटलं, "अजून नक्की नाही."

"मॅनीचं तर नक्की आहे," ती म्हणाली.

तेव्हा यायचं नसेल तर तसं एका ओळीत लिही. तेवढं मी त्याला सांगू शकेन.

गाव तुला आठवतं तसं राहिलेलं नाही. खाण बंद झाली. तिथे आता सतरंज्यांचं गोदाम आहे. तरुण पोरं कामाला लीड्सला जातात आणि लग्न करून तिथेच राहतात. तुमच्या वेळी नाताळच्या सामन्याला लोक लाँड्रीच्या छपरावर चढायचे. आता रविवारी जेवढे येतात त्या सगळ्यांची नावं मला माहीत आहेत, आणि कोण चहात किती साखर घेतो तेही.

सिरिल मात्र पेटला आहे. या वयात दारोदार हिंडतोय. परवा कामगार क्लबात खुर्चीवर उभा राहिला आणि म्हणाला, "मंडळी, वर्ल्ड कप तुमच्या दारात आलाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "दारातच ठेव सिरिल, सकाळी दुधाबरोबर आत घेऊ."

सगळे हसले. सिरिलही हसला, पण घरी जाताना मला म्हणाला, "पोरी, हसतात ते येतात. पूर्वी तरी यायचे." आपल्या सामन्याच्याच संध्याकाळी इंग्लंडचा सामना टीव्हीवर आहे, हे त्याला कळल्यापासून तो नीट जेवत नाही असं त्याची बायको सांगते. त्याचं म्हणणं, एकदा इथे गर्दी दिसली की पुढच्या वेळी वरचे लोक स्वतःहून होल्मरॉयडचं नाव घेतील. नाही दिसली तर आपण पुन्हा कुणाच्या नकाशावर येणार नाही.

लेबनॉनलाही पाठीराखे हवेत म्हणून ग्लेनिस केबाबवाल्याकडे गेली. तो म्हणाला, "बाई, मी तुर्कस्तानचा."

ही म्हणाली, "शेजारीच आहे ना?"

तो म्हणाला, "तिकीट फुकट असेल तर शेजारी."

मानूला संघाने एक कॅसेट पाठवली आहे. सामन्याआधी सगळे मिळून जे नाचत-गर्जत म्हणतात, ते त्याला पाठ करायचं आहे. रोज अंघोळीला गेला की सुरू होतो. शब्दांचे अर्थ मला विचारतो. मला येतं काय, 'दार लाव', 'मासा झाला', आणि तू पंचावर काढायचास त्या शिव्या. त्यातला एकही शब्द त्या गाण्यात नाही. काल मी जिन्यावर उभी राहून ऐकत होते. त्याचे उच्चार यॉर्कशायरचे आहेत आणि आवाज तुझा आहे.

नोरीन


होल्मरॉयड
२५ ऑक्टोबर, बुधवार

तेरेपाई,

आज दुपारी मला सगळं कळलं. कुणाकडून ते सांगते.

तुमचा संघ आला. गावाबाहेरच्या कॉलेजच्या वसतिगृहात उतरवलाय. तिथल्या हीटरचा भरवसा नाही, म्हणून ग्लेनिसने घरोघर जाऊन लोकरीच्या टोप्या गोळा केल्या. एवढाल्या खांद्यांची पोरं आणि डोक्यावर कुणाच्यातरी आजीने विणलेल्या गुलाबी टोप्या. आज दुपारी त्यांचं जेवण आम्ही दोघींनी केलं. मांस, बटाटे, मटार, रस्सा. सगळं संपवलं, पातेली पुसून. तू तुझ्या आईला म्हणायचास तसं ती मला 'मामा' म्हणतात. निम्मी पोरं ऑकलंडची आणि सिडनीची. बेट त्यांनीही सुट्टीतच पाहिलंय, त्यामुळे मानूला परकं वाटत नाही. तो त्यांच्यात इतका हसत होता की मला क्षणभर ओळखू आला नाही.

त्यांच्याबरोबर एक म्हातारे आहेत, पापा तिमोती. जेवणाआधी प्रार्थना म्हणतात आणि पोरांना शिस्त लावतात. जेवणं झाल्यावर ते आत आले आणि न विचारता फडकं घेऊन माझ्याशेजारी ताटल्या पुसायला लागले.

म्हणाले, "तेरेपाईला मी ओळखतो. आमच्या होड्या शेजारी-शेजारी असायच्या."

"असायच्या म्हणजे?"

"त्याची आता पाण्यात जात नाही."

मी ताटल्या घासत राहिले. ते म्हणाले, "तुम्हाला माहीत नाही का? साखरेने पाय नेला. गुडघ्याखालून. आणि मग डोळे."

"पूर्ण गेले?"

"उजेड कळतो. माणूस कळत नाही."

मग त्यांनी सांगितलं की माझं पहिलं पत्र ते निघायच्या आधीच तुला मिळालं होतं, आणि वाइनेकडून तू ते पुन्हा पुन्हा वाचून घेतलंस. मी विचारलं, "मग उत्तर का नाही दिलं? वाइनेला लिहिता येतं."

ते म्हणाले, "काय लिहायचं? त्याला वाटतं, पोराच्या मनात तो अजून धावतोय."

तुझ्याबरोबर जी होती ती न्यूझीलंडला तिच्या मुलांकडे राहायला गेली, हेही त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

तेरेपाई, मी इतकी वर्षं तुझ्यावर रागावले होते ती दोन पायांच्या माणसावर. पंचावर धावून जाणाऱ्या, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढणाऱ्या माणसावर. आज घरी येताना तो राग कुठे ठेवायचा ते मला कळेना. तू तुझ्या आईच्या मयताला गेलास आणि तिथून बोलावलंस. मी आले नाही, तू परत आला नाहीस. त्यावर मी आता काही म्हणत नाही. पण पाय गेला तेव्हा एक ओळ कळवायला हवी होती. मी आले असते असं नाही म्हणत. कळायला हवं होतं एवढंच.

मानूला अजून सांगितलेलं नाही. शनिवारी सामना आहे. अशी बातमी पोटात घेऊन कुणी पुढ्यातल्या माणसाला अडवायला उभं राहू नये. शनिवारनंतर सांगेन. पापा तिमोतींनाही तसंच सांगितलंय. त्यांना ते पटलं नाही, पण मान हलवली.

तो आज झोपायला जाताना म्हणाला, "बाबा विमानतळावरून सरळ मैदानातच येतील बहुतेक."

मी म्हटलं, "झोप आता."

नोरीन


होल्मरॉयड
२९ ऑक्टोबर, रविवार

तेरेपाई,

हरलो. सोळा-बारा. मानूने एक ट्राय टाकला.

सकाळपासून पाऊस होता. नदीला पाणी चढलं होतं आणि लीड्सची गाडी रद्द झाली, त्यामुळे बाहेरून येणारे आलेच नाहीत. गावातल्यांना इंग्लंड घरात बसून दिसणार होतं. आम्ही चहाची मोठी भांडी सगळी चढवली होती. सामना सुरू व्हायला थोडाच वेळ होता तेव्हा ग्लेनिसने फाटकाकडे पाहिलं आणि त्यातली दोन विस्तवावरून उतरवली.

सहाशे असतील. ओढूनताणून सहाशे. उघड्या बाजूला तर पाखरूही नव्हतं, नुसता कठडा आणि त्यावरून गळणारं पाणी. तुमची पोरं मैदानात आली, तोंडातून वाफा निघतायत, रांगेत उभी राहिली आणि त्या रिकाम्या बाजूकडे तोंड करून त्यांनी ते गर्जत म्हटलं. मानू कडेला होता. एकही शब्द चुकला नाही. त्यांचा आवाज छपराच्या पत्र्यावर आपटून परत येत होता, इतकं सामसूम.

मग मी टपरी ग्लेनिसवर सोपवून माझ्या जागेवर जाऊन बसले. शेजारची खुर्ची तुझी. मी तिच्यावर माझा कोट ठेवला, कुणी बसू नये म्हणून. ठेवायची गरज नव्हती. त्या सबंध रांगेत मी एकटीच होते.

मध्यंतरानंतर सिरिलने माइकवरून आकडा वाचला. "आजची उपस्थिती, दोन हजार एकशे चार."

छपराखालून कुणीतरी ओरडलं, "सिरिल, मेलेलेही धरलेस का रे?"

लोक हसले. माइक चालूच राहिला होता. सिरिलचा श्वास ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "धरायलाच हवेत. त्यांनी कधी सामना चुकवला नाही."

माझ्या दोन रांगा पुढे, छपराबाहेर एक म्हातारा होता, त्याने टोपी काढली आणि पावसात तशीच हातात धरून बसला.

मानूचा ट्राय तू पाहायला हवा होतास. हे लिहायला नको होतं, पण लिहून गेले. दोघं जण त्याच्या कमरेला लोंबकळत होते आणि तो त्यांना घेऊनच रेषेपलीकडे पडला, चेंडू छातीखाली धरून. उठला, तोंडात माती. बाकीची पोरं त्याच्या अंगावर पडायला धावली आणि तो मात्र आमच्या रांगेकडे बघत होता. मी दोन्ही हात वर केले. त्याने एक हात अर्धा वर केला आणि खाली घेतला.

केबाबवाला आला होता, दोन्ही मुलींना घेऊन, आणि लेबनॉनसाठी शेवटपर्यंत घसा फोडत होता. तेवढाच एक माणूस जिंकला म्हणायचा.

शिट्टी झाल्यावर तुमची पोरं आत गेली नाहीत. पापा तिमोतींनी काहीतरी खूण केली आणि ती सगळी रांगेने उभी राहून गायला लागली, तुमची ती चर्चमधली गाणी, चार-पाच सुरांत एकदम. तेव्हा लोक छपराखालून उठले आणि एक-एक करत कठड्याशी येऊन उभे राहिले, भर पावसात. छत्र्याही मिटल्या. मी आपल्या गावाला इतका वेळ गप्प उभं राहिलेलं फक्त खाणीतला अपघात झाला होता तेव्हा पाहिलंय.

सगळे गेल्यावर मानू टपरीत आला. ओले केस, भुवईला टाके. मी चहा दिला, त्याने तो हातात धरला.

"आले नाहीत ना?"

"नाही."

"येणार होते का?"

मी म्हटलं, "बस इथे." आणि सांगितलं. पाय, डोळे, सगळं. तो पेल्यात बघत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तुला कधी कळलं?"

"बुधवारी."

"आणि मी सगळा वेळ त्या खुर्चीकडे बघत होतो."

"अरे, सामना होता म्हणून मी..."

"सामना," तो म्हणाला. "आई, सामना बघितला कुणी?"

पेला ठेवून गेला. आज दिवसभर माझ्याशी बोललेला नाही. सिरिल दुपारी येऊन गेला. वरच्यांचा फोन आला होता म्हणे, छान बोलले, आभार मानले, पुढच्या वेळचं काही बोलले नाहीत. मी त्याला केक दिला, त्याने तो बशीतच मोडून ठेवला.

सोमवार

काल पत्र पाकिटात घातलं नाही ते बरं झालं.

आज संध्याकाळी, म्हणजे तुमच्या सकाळी, मानूने तुला फोन केला. वाइनेच्या घरचा नंबर पापा तिमोतींनी दिला होता. तुझ्या बाजूला काय झालं ते तुला माहीत आहे. माझ्या बाजूला काय झालं ते लिहिते.

मी पुढच्या खोलीत इस्त्री करत होते. दार उघडं होतं आणि त्याने ते लावलं नाही. तो म्हणाला, "हो, मीच." मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं फोन तुटला. मग म्हणाला, "रडू नका." नंतर त्याचा आवाज थोडा सैल झाला. "हरलो. थोडक्यात हरलो. हो, मी एक टाकला. डाव्या कोपऱ्यात. दोघं होते अंगावर."

मग तू काहीतरी विचारलंस. तो म्हणाला, "लोक?"

आणि त्याने वळून दारातून माझ्याकडे पाहिलं. शनिवारनंतर पहिल्यांदाच. इस्त्री शर्टावर तशीच राहिली.

"खूप होते, बाबा," तो म्हणाला. "भरलं होतं. उभं राहायला जागा नव्हती."

तू तिकडे हसलास बहुतेक, कारण तोही हसला. मी इस्त्री उचलली. त्याच्या शर्टाच्या कॉलरला डाग पडलाय, पण तो घालेल.

फोन ठेवून तो आत आला. म्हणाला, "आता शेवटचा सामना झाला की संघ परत जाईल. त्यांच्याबरोबर जातो. तीन महिने."

"कामाचं काय?"

"मालकाशी बोललो."

"बरं."

तीन महिने म्हणतो, आणि लगेच मला विचारतो की त्याचा हिवाळ्याचा जाड कोट क्लबातल्या कुणाला होईल का.

तर हे पत्र आता पोस्टात पडणार नाही. पडलं तर वाइने ते तुला वाचून दाखवेल आणि त्यात ते सहाशे आहेत. मी हे पुरं करते आहे ते सवय लागली म्हणून. आणि तू ऐकणार नाहीस, तर मग एक गोष्ट लिहिता येते. मला तो जायला नको आहे. तुझ्याकडे जातोय म्हणून नाही. तो कुठेही गेला असता तरी नको होतं. सकाळी त्याची व्हॅन सुरू होताना दोनदा खोकते, मग लागते, आणि त्यानंतर मी उठते. ती व्हॅन तो विकतोय.

तू मला बोलावलंस तेव्हा मला हे गाव सोडवलं नाही. आता गाव मैदानापर्यंतसुद्धा येत नाही, आणि मी अजून इथे चहा करते आहे. यावर तू हसला असतास. मीही हसले, पण एकटीने हसायचा प्रकार काही खरा नाही.


होल्मरॉयड
११ नोव्हेंबर

तेरेपाई,

हे पत्र मानूच्या हाती देते आहे. वाइनेला त्रास नको, तोच तुला वाचून दाखवेल. म्हणून बेताचंच लिहिते.

तो भरपूर खातो, पण सकाळी उठल्या उठल्या नाही. थोड्या वेळाने विचार. उजवा खांदा शेवटच्या सामन्यात दुखावलाय. तो दुखत नाही म्हणेल, ते खरं धरू नकोस, होडी ओढायला लावू नकोस. मासे पकडता येत नाहीत. शिकव, तुला दिसत नसलं तरी हाताला सगळं आठवत असेल. तुझ्या घरात गळणारा नळ असेल तर दाखव, त्याला काम मिळालं की बरं वाटतं. रागावला तर बोलत नाही, मग दोन दिवसांनी आपणहून चहा करून आणतो. तो चहा घ्यायचा आणि कशाबद्दल काही विचारायचं नाही. मीही तेच केलं.

रंगाने तुझ्यावर गेलाय, हे तुला कुणीतरी सांगेलच. हनुवटी माझ्या वडिलांची आहे. ती हात लावून बघ. तो लाजेल, पण लावू देईल.

तुझ्यासाठी लोकरीचे मोजे ठेवलेत. दोन का ठेवले असं म्हणू नकोस, एक विणून मी थांबू शकले नाही. तिथे लोकरीचं काय काम, हेही मला माहीत आहे.

सिरिलने नमस्कार सांगितलाय. ग्लेनिसने तुला न पाहताच सांगितलाय. मी बरी आहे. दर रविवारी मैदानावर जाते, घरात हीटर चालतो, कुणी काळजी करू नये. त्याला परत कधी पाठवायचं ते मी लिहीत नाही. तो लहान नाही आणि रस्ता त्याला माहीत आहे.

तू फोनवर त्याला विचारलंस, सामन्याला किती माणसं आली होती. मी फाटकाजवळच चहा देत होते, त्यामुळे माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल. मैदान भरलं होतं, तेरेपाई. आमचा चहा मध्यंतराच्या आतच संपला. आत जागा उरली नाही म्हणून कित्येक जण कुंपणाबाहेर उभे राहिले, आणि आत काय झालं ते आवाजावरून ओळखत होते. त्याने ट्राय टाकला तेव्हा बाजूच्या माणसाने मला मिठी मारली, ओळख ना देख. ते सगळे तुझ्या पोराला बघायला आले होते.

मानू, इथे थांबू नकोस. हे मोठ्याने वाच.

नोरीन